उताऱ्याची सरासरी आणि प्रसामान्य वितरण : प्रस्तावना

गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील एक महसूल मंडळ असून, या मंडळातील सोयाबीन उत्पादकाला एखाद्या वर्षी उत्पादनातील घटीपोटी पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, आणि मिळाली तर किती, हे त्याच्या स्वतःच्या शेतातील उताऱ्यावर नव्हे, तर मंडळातील मोजक्या शेतांत झालेल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर मुख्यतः ठरते. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळ हा विमा क्षेत्राचा घटक धरला असता प्रत्येक प्रमुख पिकासाठी किमान दहा प्रयोग अपेक्षित असतात. हजारो हेक्टरांवर उभ्या असलेल्या पिकाविषयी दहा लहान तुकड्यांवरून बोलणे प्रथमदर्शनी धाडसाचे वाटते. परंतु हे बोलणे कोणत्या आधारावर करता येते, किती खात्रीने करता येते आणि कोणत्या जागी थांबावे लागते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे संख्याशास्त्रातील प्रसामान्य वितरणाशी जोडलेली आहेत, आणि म्हणूनच या संकल्पनेचा परिचय येथे पिकाच्या उताऱ्यापासून करून दिला आहे.

पाठ्यपुस्तकांत हा परिचय बहुधा विद्यार्थ्यांची उंची किंवा परीक्षेतील गुण घेऊन केला जातो, घंटेच्या आकाराचा एक वक्र काढून दाखवला जातो आणि निसर्गातील बहुतेक गोष्टी अशाच पसरलेल्या असतात असे सांगितले जाते. नवशिक्याच्या मनात त्यामुळे एक चुकीची समजूत घर करून बसते, ती अशी की पुरेशी आकडेवारी गोळा केली की तिने हा आकार घेतलाच पाहिजे आणि तो घेतला नाही तर आकडेवारीतच काही खोट आहे. वस्तुस्थिती तशी नाही. हा वक्र मुख्यतः बेरजेतून आणि सरासरीतून जन्मतो. अनेक लहान, परस्परांपासून स्वतंत्र कारणांचा परिणाम एकत्र मिळतो तेथे तो दिसतो, आणि तशी रचना जेथे नसते तेथे तो दिसत नाही. ही एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की झाली तर पुढची सूत्रे आणि कोष्टके अवघड राहत नाहीत.

प्रयोगाची पद्धत प्रथम जवळून पाहणे आवश्यक आहे. मंडळातील गावे, त्या गावांतील गट क्रमांक आणि त्या गटांतील शेते यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात. यादृच्छिक म्हणजे ज्यात निवडणाऱ्याच्या मर्जीला वाव नाही आणि प्रत्येक शेताला निवडले जाण्याची ठरलेली संधी आहे अशी निवड. शेतात गेल्यावरही चांगला किंवा वाईट भाग डोळ्यांनी निवडायचा नसतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडे किती आणि रुंदीकडे किती पावले जायचे हे यादृच्छिक अंकांवरून ठरते, आणि जेथे ती पावले संपतात तेथे पहिली खुंटी ठोकली जाते. तेथून सोयाबीनसारख्या पिकात सहसा १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा आयत आखला जातो, दोरी ताणली जाते, आणि आयताचे कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी कर्ण मोजला जातो, जो ११.१८ मीटर भरला पाहिजे. आयताच्या आतील सर्व झाडे कापून, मळून, दाणे स्वच्छ करून वजन घेतले जाते. आयताचे क्षेत्र ५० चौरस मीटर आणि हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, त्यामुळे तुकड्यातील वजनाला २०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन मिळते. तुकड्यातून ५ किलो दाणे निघाले तर उतारा हेक्टरी १० क्विंटल, म्हणजे एकरी सुमारे ४ क्विंटल ठरतो. याच हिशेबाने वजनात १०० ग्रॅमची चूक झाली तर ती हेक्टरी २० किलोंची होते, म्हणून काटा आणि दोरी या दोन साध्या वस्तूंचे महत्त्व येथे फार मोठे आहे.

समजा, अशा पाच तुकड्यांतून अनुक्रमे ३.५, ४.५, ५, ५.५ आणि ६.५ किलो सोयाबीन मिळाले. या पाचांची बेरीज २५ आणि तिला ५ ने भागले असता येणारी ५ किलो ही संख्या म्हणजे मध्य, ज्याला व्यवहारात सरासरी म्हणतात. मात्र पाचही तुकड्यांत नेमके ५ किलो निघाले असते तरी मध्य ५ च आला असता, त्यामुळे आकडे मध्याभोवती किती पसरले आहेत हे सांगणारे दुसरे माप लागते. प्रत्येक आकड्याचे मध्यापासूनचे अंतर काढले तर ती अंतरे उणे १.५, उणे ०.५, शून्य, अधिक ०.५ आणि अधिक १.५ अशी येतात, आणि त्यांची बेरीज शून्य होते; हे प्रत्येक वेळी होणारच, कारण मध्याची व्याख्याच तशी आहे. म्हणून अंतरांचे वर्ग करून उणे चिन्ह घालवले जाते, त्या वर्गांची सरासरी घेतली जाते, आणि शेवटी वर्गमूळ काढून पुन्हा किलोच्या एककात परत येता येते. येथे वर्गांची बेरीज ५, त्यांची सरासरी १ आणि वर्गमूळही १ येते. वर्गांच्या सरासरीला प्रचरण आणि तिच्या वर्गमूळाला प्रमाण विचलन म्हणतात. प्रसामान्य वितरणाची संपूर्ण ओळख या दोनच संख्यांत, मध्य आणि प्रमाण विचलन यांत, सामावलेली असते.

आता बेरजेचा मुद्दा घेता येईल. कल्पना करावी की एका तुकड्यातील उतारा ५ किलोंच्या आसपास असून त्याला वरखाली करणारी दहा लहान कारणे आहेत : बियाण्याची उगवण, ओळींतील अंतर, जमिनीची खोली, तण, खोडमाशी, चक्रीभुंगा, पिवळा मोझॅक, बांधावरच्या झाडाची सावली, शेंगा फुटून होणारी गळ आणि ऐन दाणे भरताना पडलेला ताण. यातील प्रत्येक कारण उतारा १०० ग्रॅमने वाढवते किंवा १०० ग्रॅमने घटवते, दोन्हीची शक्यता सारखी आहे आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे धरले, तर एकूण १,०२४ जुळण्या शक्य होतात. दहाही कारणे अनुकूल पडून उतारा ६ किलो व्हावा अशी जुळणी फक्त एक आहे, आणि दहाही प्रतिकूल पडून तो ४ किलोंवर यावा अशीही एकच. पाच कारणे अनुकूल आणि पाच प्रतिकूल पडण्याच्या जुळण्या मात्र २५२ आहेत, चार-सहा अशा विभागणीच्या दोन्ही बाजूंना २१० आणि २१०, तीन-सात अशा विभागणीच्या १२० आणि १२०, दोन-आठच्या ४५ आणि ४५, व एक-नऊच्या १० आणि १०. हे आकडे आयतालेखात मांडले, म्हणजे प्रत्येक उताऱ्यावर त्याच्या वारंवारतेइतका उंच स्तंभ उभा केला, की मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना सारखाच उतरत जाणारा आकार आपोआप तयार होतो. तो कोणी लादलेला नाही. मधल्या उताऱ्याला पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत आणि टोकाला पोहोचण्याचा मार्ग एकच आहे, एवढेच त्याचे कारण. या उदाहरणात प्रमाण विचलन ३१६ ग्रॅम येते, आणि मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत ६७२ जुळण्या, म्हणजे ६५.६ टक्के, तर दोन प्रमाण विचलनांच्या आत १,००२ जुळण्या, म्हणजे ९७.९ टक्के पडतात.

कारणांची संख्या वाढवत नेली आणि प्रत्येकाचा वाटा लहान करत नेला तर स्तंभांच्या पायऱ्या बारीक होत जाऊन एक सलग वक्र उरतो. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या आब्राहम द म्वाव्र या फ्रेंच गणितज्ञाने नाणेफेकीच्या मोठ्या गणनांना सोपे करण्यासाठी १७३३ मध्ये हा वक्र शोधला. कार्ल फ्रीड्रिख गाउस याने १८०९ मध्ये खगोलीय निरीक्षणांतील चुकांच्या संदर्भात तो मांडला, आणि लाप्लास याने १८१० मध्ये त्याचा बेरजेशी असलेला व्यापक संबंध दाखवून दिला. वक्राच्या सूत्रात मध्यासाठी म्यू आणि प्रमाण विचलनासाठी सिग्मा ही ग्रीक अक्षरे वापरतात. सूत्राचा गाभा असा की मध्यापासूनच्या अंतराला प्रमाण विचलनाने भागून त्याचा वर्ग केला जातो, आणि तो वर्ग जसजसा वाढतो तसतशी वक्राची उंची अतिशय वेगाने कमी होते. वक्राखालील एकूण क्षेत्र १ असते आणि कोणत्याही दोन उभ्या रेषांमधील क्षेत्र म्हणजे तेवढ्या टप्प्यात आकडा पडण्याची संभाव्यता. मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के, दोनच्या आत सुमारे ९५ टक्के आणि तीनच्या आत ९९.७ टक्के क्षेत्र येते. वरील दहा कारणांच्या साध्या खेळातही हे प्रमाण पुष्कळसे जुळलेले दिसले. अंतराला प्रमाण विचलनाने भागल्यावर जी संख्या मिळते तिला प्रमाणित मूल्य म्हणतात, आणि तिच्यामुळे किलो, मिलिमीटर किंवा गुण असे कोणतेही एकक असले तरी एकच कोष्टक पुरते.

हा आकार कोठे भेटतो आणि कोठे भेटत नाही, याचे चांगले उदाहरण पावसाचे आहे. जून ते सप्टेंबर या काळात संपूर्ण देशात पडणाऱ्या पावसाची १९७१ ते २०२० या वर्षांची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर असून तिचे प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे, आणि ९० ते ११० टक्के या पट्ट्यात साधारणपणे तीनांपैकी दोन वर्षे पडतात, कारण हजारो ठिकाणचा आणि चार महिन्यांचा पाऊस त्या एका संख्येत मिळवलेला असतो. परंतु एखाद्या मंडळातील एका दिवसाचा पाऊस घेतला तर चित्र पूर्णपणे बदलते : पुष्कळ दिवस कोरडे, काही दिवस रिमझिम, आणि मग एखाद्या दिवशी २४ तासांत ६५ मिलिमीटरची मर्यादा ओलांडणारी अतिवृष्टी. येथे डाव्या बाजूला शून्याची भिंत आहे आणि उजवीकडे लांबलचक शेपूट. अशा आकडेवारीवर घंटाकृती वक्र बसवणारा अभ्यासक अतिवृष्टीची शक्यता फारच कमी ठरवून बसेल, आणि ही चूक कागदापुरती मर्यादित राहणार नाही.

शेतांच्या उताऱ्याचेही तसेच आहे, आणि दहा कारणांच्या उदाहरणाने नवशिक्याने या बाबतीत निर्धास्त होऊ नये. पैनगंगा आणि कयाधू यांच्या खोऱ्यांतील जमीन एकसारखी नाही. भारी काळ्या रानात आणि मुरमाड माळावर एकाच वाणाचे सोयाबीन वेगवेगळे येते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस लागून राहिला की भारी पण निचरा नसलेले रान चिबडते व तेथला उतारा माळापेक्षाही खाली जातो. अशा वर्षी मंडळातील सर्व शेतांचा आयतालेख काढला तर त्याला एकाऐवजी दोन उंचवटे दिसणे शक्य असते, एक पाणी साचलेल्या रानांचा आणि दुसरा पाणी निघून गेलेल्या रानांचा. जेथे एकच मोठे कारण बाकी सर्व लहान कारणांना झाकून टाकते तेथे प्रसामान्य वितरणाची अट मोडते. ॲडॉल्फ केटले या बेल्जियन संशोधकाने १८३५ मध्ये ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडल्यानंतर एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वानांनी सर्वच मोजमापांत हा वक्र पाहिला, त्या उत्साहाचा अवशेष आजही शिकवण्यात शिल्लक आहे आणि तो सोडून देणेच इष्ट.

तरीही दहा प्रयोगांच्या सरासरीला प्रसामान्य वितरण लावता येते, आणि नवशिक्यासाठी हीच या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मूळ आकडे कोणत्याही आकारात पसरलेले असोत, त्यांचे प्रमाण विचलन मर्यादित असेल आणि निवड यादृच्छिक व स्वतंत्र असेल, तर नमुन्याचा आकार वाढत जाईल तसे नमुन्याच्या सरासरीचे वितरण प्रसामान्य वितरणाच्या जवळ जाते. याला केंद्रीय सीमा प्रमेय म्हणतात. त्याचा अर्थ असा की दहा तुकड्यांचा एकच संच न घेता मनातल्या मनात असे दहा-दहाचे असंख्य संच निवडले आणि प्रत्येकाची सरासरी मांडली, तर तो सरासऱ्यांचा ढीग घंटाकृती दिसू लागेल, जरी शेतांचा आयतालेख तसा नसला तरी. मूळ आकार फारच तिरपा असेल तर दहा ही संख्या अपुरी पडते हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. या सरासऱ्यांचे प्रमाण विचलन शेतांच्या प्रमाण विचलनापेक्षा लहान असते, आणि किती लहान, तर नमुन्यातील संख्येच्या वर्गमूळाने भागल्याइतके; त्याला प्रमाण त्रुटी हे नाव आहे.

हा हिशेब गोरेगावसारख्या मंडळासाठी, आकडे केवळ समजुतीसाठी धरून, मांडता येतो. तुकड्यांच्या उताऱ्याचे प्रमाण विचलन १.२ किलो असेल तर दहा तुकड्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १.२ भागिले १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.३८ किलो येते. प्रसामान्य वितरणात मध्याच्या दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण विचलने घेतली की ९५ टक्के क्षेत्र व्यापले जाते, म्हणून सरासरी ५ किलो आली असता मंडळाचा खरा उतारा ५ उणे ०.७४ ते ५ अधिक ०.७४ किलो, म्हणजे हेक्टरी साधारण ८.५ ते ११.५ क्विंटलांच्या दरम्यान आहे असे म्हणता येते. येथे ९५ टक्के याचा अर्थ असा की ही पद्धत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरांपैकी सुमारे ९५ वेळा असे अंतर खऱ्या उताऱ्याला कवेत घेते. हे अंतर निम्मे करायचे असेल तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, ते चौपट, म्हणजे चाळीस करावे लागतात, कारण भागाकार वर्गमूळाने होतो.

विम्याच्या हिशेबात या अंतराचे वजन स्पष्ट होते. मागील सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने, म्हणजे योजनेत ठरवून दिलेल्या टक्केवारीने, गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते, आणि चालू वर्षाची सरासरी त्याच्या खाली जितक्या टक्क्यांनी असेल तितके टक्के विमा संरक्षित रक्कम देय होते. समजा, उंबरठा उत्पन्न हेक्टरी १०.५ क्विंटल आणि संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे. प्रयोगांची सरासरी १० क्विंटल आली तर भरपाई हेक्टरी सुमारे २,३८१ रुपये होते. ती वरील अंतराच्या खालच्या टोकाला, ८.५ क्विंटलांवर असती तर सुमारे ९,५२४ रुपये झाली असती, आणि वरच्या टोकाला असती तर काहीच मिळाले नसते. पीक तेच, मंडळ तेच, कोणाचीही लबाडी नाही. केवळ कोणती दहा शेते निवडीत आली यावर एवढा फरक पडू शकतो. सरासरीबरोबर तिची प्रमाण त्रुटीही प्रसिद्ध व्हावी, ही मागणी त्यामुळे विद्यापीठातील अभ्यासकाइतकीच शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

या शास्त्राची घडी भारतात ज्यांनी बसवली त्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक निवडीवर आधारलेल्या पीक कापणी प्रयोगांची पद्धत वेगवेगळ्या प्रांतांत व पिकांत रुजवली. त्यांचा ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कृषी संशोधकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. या प्रयोगांच्या आधी पिकाचा अंदाज मुख्यतः नजरेने बांधला जात असे.

ही पद्धत रुजत होती त्याच काळात कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांची भारतीय सांख्यिकी संस्था पिकाचा अंदाज घेण्यासाठी फार लहान तुकडे, उदाहरणार्थ चार फूट त्रिज्येची वर्तुळे, वापरत होती; लहान तुकडा कमी वेळात कापून होतो, त्यामुळे तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणी जाता येते, हा त्यामागचा विचार वर्गमूळाच्या नियमाला धरूनच होता. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून असे दाखवले की लहान तुकड्यांतून उतारा प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, कारण सीमारेषेवरची झाडे आत धरली जाण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. हे साध्या क्षेत्रफळाने तपासता येते. १० बाय ५ मीटरच्या आयताची दोरी चारही बाजूंना १० सेंटिमीटर बाहेर सरकली तर क्षेत्र ५३.०४ चौरस मीटर होते, म्हणजे ६ टक्के अधिक. परंतु चार फूट, म्हणजे सुमारे १.२२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात तेवढीच चूक झाली तर क्षेत्र तब्बल १७ टक्क्यांनी वाढते. दोन थोर संख्याशास्त्रज्ञांमधील हा मतभेद प्रसामान्य वितरणाची मर्यादा फार नेमकेपणाने उघड करतो. कधी वर, कधी खाली जाणाऱ्या यादृच्छिक चुका बेरजेत एकमेकींना खोडतात आणि प्रयोग वाढवले की सरासरीतून झिजत जातात. परंतु नेहमी एकाच दिशेला जाणारी चूक, जिला अभिनती म्हणतात, ती दहा प्रयोगांत जेवढी असते तेवढीच दहा हजारांत राहते. अशा वेळी वक्र अरुंद आणि देखणा दिसतो, मात्र तो चुकीच्या जागी उभा असतो, आणि कोणतेही सूत्र ते सांगू शकत नाही. ते फक्त शेतात दोरी ताणणाऱ्याला आणि कर्ण मोजणाऱ्यालाच कळू शकते.

वरील हिशेबात एक सोय करून घेतली होती, ती येथे मोकळी करणे आवश्यक आहे. तुकड्यांचे प्रमाण विचलन १.२ किलो आहे हे आधीच माहीत असल्याचे धरले होते, पण प्रत्यक्षात तेही त्याच दहा तुकड्यांवरून काढावे लागते, आणि तसे काढताना वर्गांच्या बेरजेला दहाऐवजी नऊने भागले जाते, कारण मध्यही त्याच आकड्यांतून घेतल्यामुळे अंतरे थोडी लहान भरतात. प्रमाण विचलन स्वतःच अंदाजित झाले की अनिश्चितता वाढते. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत बार्लीच्या लहान नमुन्यांवर काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये या वाढीचे गणित सोडवले आणि प्रसामान्य वक्रापेक्षा जरा पसरट, जाड शेपटांचे एक वितरण दिले, जे नमुना मोठा होत गेला की प्रसामान्य वितरणात मिसळून जाते. दहा प्रयोगांसाठी त्याच्या कोष्टकात १.९६ च्या जागी २.२६ ही संख्या मिळते, आणि त्या दहा तुकड्यांवरून काढलेले प्रमाण विचलनही १.२ किलोच आले असे मानले तर ९५ टक्क्यांचे अंतर दोन्ही बाजूंना ०.७४ ऐवजी ०.८६ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे ८.३ ते ११.७ क्विंटल असे रुंदावते.